अपडेटनंतर वॉलेट रिकामे दिसते तेव्हा

बिटकॉइन किंवा इथर फोनमध्ये साठवलेले नसते. त्याची नोंद ब्लॉकचेन नावाच्या खातेवहीत असते आणि तिच्या प्रती जगभरातल्या हजारो संगणकांवर असतात. भिलाईच्या एखाद्या सेक्टरमधल्या घरात जे वॉलेट ॲप उघडले जाते, त्यात असतात त्या फक्त किल्ल्या, म्हणजे एखाद्या पत्त्यावरची रक्कम खर्च करण्याचा हक्क सिद्ध करणाऱ्या गुप्त संख्या. ॲप खातेवही वाचून शिल्लक दाखवते. अपडेटनंतर शून्य दिसले, तर बहुतेक वेळा या वाचनातच घोळ झालेला असतो.

म्हणून आधी खातेवही पाहावी. आपला पत्ता जुन्या व्यवहारांत सापडतो. बिटकॉइनचा असेल तर मेमपूल डॉट स्पेसवर, इथरचा असेल तर इथरस्कॅनवर टाकला की आलेले-गेलेले सगळे दिसते. त्याला पासवर्ड लागत नाही. बिटकॉइनच्या व्यवहारात उरलेली मोड सहसा नव्या पत्त्यावर परत येते, त्यामुळे एखादा जुना पत्ता रिकामा दिसला म्हणून चोरी झाली असे समजू नये.

रक्कम खातेवहीत शाबूत असेल, तर शोध ॲपपुरता उरतो. कधी नवी आवृत्ती सगळ्या नोंदी पुन्हा वाचत असते. तिला वेळ द्यावा. कधी टोकन यादीतून गळते किंवा भलतेच नेटवर्क निवडलेले असते. चकवणारे कारण पत्त्याच्या प्रकाराचे आहे. वॉलेट तयार करताना मिळालेल्या, किल्ल्या परत मिळवून देणाऱ्या त्याच १२ किंवा २४ शब्दांतून १, ३ आणि बीसी१ ने सुरू होणारे निरनिराळे पत्ते निघतात आणि ॲप एकाच प्रकारात शोधत राहिले तर बाकीचे दिसत नाहीत. शिवाय बरीच वॉलेट लागोपाठ २० कोरे पत्ते लागले की शोध थांबवतात. ही मर्यादा काही ॲपमध्ये वाढवता येते.

घाबरून ॲप काढून टाकणे मात्र सर्वांत घातक. ते शब्द कागदावर लिहिलेले नसतील, तर तोवर सुखरूप असलेली रक्कम त्या क्षणी कायमची हातची जाते.

खातेवहीतच अनोळखी पत्त्यावर रक्कम गेलेली दिसली, तर अपडेट खरे होते का, हे तपासावे. डिसेंबर २०१८ मध्ये इलेक्ट्रम या बिटकॉइन वॉलेटच्या वापरकर्त्यांना पैसे पाठवताना चूक झाल्याचा संदेश दिसू लागला. सोबत नवी आवृत्ती उतरवून घेण्याचा दुवा. संदेश वॉलेटच्याच चौकटीत उमटत होता, पण पाठवणारे सर्व्हर चोरांचे होते. काही दिवसांत २०० हून अधिक बिटकॉइन गेले. २०१७ नंतर वॉलेट न उघडलेल्या एकाने ऑगस्ट २०२० मध्ये जुनीच आवृत्ती सुरू केली आणि त्याच सापळ्यात १,४०० बिटकॉइन गमावले. अपडेट नेहमी स्वतः अधिकृत संकेतस्थळावर जाऊन घ्यावे ते यासाठी.

एक्स्चेंजवरच्या खात्याची गोष्ट निराळी, कारण तिथे किल्ल्या कंपनीकडे असतात. १८ जुलै २०२४ रोजी वझीरएक्स या एक्स्चेंजच्या वॉलेटमधून सुमारे २३ कोटी डॉलर चोरीला गेले आणि ग्राहकांचे पैसे अडकले. ग्राहकांच्या फोनमधली कोणतीही सेटिंग त्यांच्या कामी येणार नव्हती.

चोरी नक्की झाली असेल तर १९३० या हेल्पलाइनवर किंवा राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर लगेच तक्रार करावी. भिलाई दुर्ग जिल्ह्यात येत असल्याने स्थानिक तपास दुर्ग पोलिसांकडे जातो. सोबत व्यवहाराचा ६४ अक्षरांचा क्रमांक, दोन्ही पत्ते आणि वेळ द्यावी. रक्कम एखाद्या एक्स्चेंजवर पोचली असेल, तर पोलीस याच क्रमांकावरून ती गोठवण्याची मागणी करू शकतात. उरलेली नाणी मात्र तोवर जुन्या शब्दांवर ठेवू नयेत. दुसऱ्या, स्वच्छ फोनवर नवे वॉलेट तयार करून ती तिथे हलवावीत. मदत करतो म्हणत तेच १२ किंवा २४ शब्द मागणाऱ्याला, तो स्वतःला कंपनीचा माणूस म्हणवत असला तरी, ते सांगू नयेत.