बुलेटचे मागचे शॉक बदलण्याआधी हे तपासा

१९५५पासून मद्रासला बनू लागलेल्या बुलेट ३५०ला सुरुवातीपासूनच मागे स्विंगआर्म आणि दोन शॉक होते. त्यामुळे जुनी बुलेट मागून डुलायला लागली, की दोष थेट शॉकवर येतो आणि गॅसचे शॉक मागवले जातात. माझ्या मते निम्म्या वेळा गुन्हेगार दुसराच असतो: स्विंगआर्मचे बुश. नवी मुंबईत खाडीची खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस. ग्रीस वाहून गेलं की पिव्होट गंजतो, बुश झिजतात. गाडी मेन स्टँडवर घ्या, चाक नव्हे, आर्मच धरून आडवा हलवा. खटखट जाणवली तर आधी बुश बदला, नाहीतर महागडे शॉकसुद्धा पाम बीच रोडच्या वळणावर मागचं चाक सरळ ठेवणार नाहीत.

कुणी म्हणेल, गॅसचे शॉक चांगलेच ना? चांगलेच. सलग खड्ड्यांत साध्या शॉकमधलं तेल फेसाळतं आणि दम सोडतं. नायट्रोजनचा दाब ते रोखतो. सीट दाबून सोडल्यावर गाडी दोन-तीनदा उसळत असेल किंवा रॉडवर तेल दिसत असेल, तर जरूर बदला, आणि जोडीनेच. फक्त शॉकच्या दोन्ही टोकांच्या डोळ्यांमधलं, म्हणजे बोल्टच्या भोकांमधलं, अंतर मूळ शॉकइतकंच हवं. लांब शॉकने मागचा भाग उचलला जातो, स्टिअरिंग चंचल होतं, चेनचा ताणही बदलतो. ‘उंच दिसते’ म्हणून हे करणाऱ्यांना काय सांगावं!