रंगवलेली सरकी आणि हरवलेला ठसका

मृग तोंडावर आला की जालना जिल्ह्यात भोकरदन-जाफराबादकडे घरोघरी सरकीच्या पिशव्या फुटतात. आतलं बी रंगवलेलं असतं. बोटांना रंग लागतो, म्हणून पेरणीनंतर हात घासून धुवायची पद्धत. जालन्याच्या माणसाला त्याचं नवल वाटत नाही. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ साली इथे महिको ही बियाण्यांची कंपनी सुरू केली आणि बियाणं ही या शहराची ओळखच झाली.

त्या रंगासोबत बियाला एक औषध चोळलेलं असतं, पुष्कळदा इमिडाक्लोप्रिड. रोप उगवलं की ते रसाबरोबर पानात चढतं. रस शोषायला बसलेल्या मावा-तुडतुड्यांच्या नसा त्याने बिघडतात आणि ते मरतात. या औषधाच्या कुळाचं नाव निओनिकोटिनॉइड, म्हणजे नव्या रूपातलं निकोटिन. जुनं रूप तंबाखूच्या पानात. जुने शेतकरी तंबाखू उकळून त्याचा काढा माव्यावर फवारायचे. आणि टपरीवर सुपारी, चुना, तंबाखू घोटून जी पुडी मिळते तिलाही आपण मावाच म्हणतो! हे दोन्ही मावे एकाच रेणूपाशी येऊन भेटतात हे पहिल्यांदा ध्यानात आलं, तेव्हा मी किती तरी वेळ त्याच विचारात होतो.

तंबाखूचं झाड निकोटिन तयार करतं ते मुळांत. तिथून ते पानांत जाऊन साठतं. अळीने पान कुरतडलं की झाड मुळांना जणू निरोप धाडतं आणि निकोटिन वाढतं. जागचं हलता न येणाऱ्या झाडाने घडवलेलं हे शस्त्र आहे. ते चालतं कसं? प्राण्यांच्या नसा एकमेकींशी बोलतात त्यासाठी अॅसिटिलकोलिन नावाचं रसायन वापरतात. हे रसायन किल्ली मानलं, तर पेशीवर तिचं कुलूप असतं. निकोटिनचा रेणू त्या कुलपात चपखल बसतो. इमिडाक्लोप्रिड किड्याच्या कुलपात घट्ट बसतं, माणसाच्या कुलपात सैल. निकोटिन मात्र आपल्याही कुलपात नीट बसतं. शास्त्रज्ञांनी तर कुलपाच्या या जातीला नावच निकोटिनवरून दिलं.

आता तेरा-चौदा वर्षांचं पोर डोळ्यांसमोर आणा. विचार करून थांबायला लावणारा मेंदूचा पुढचा भाग साधारण पंचविशीपर्यंत घडत असतो, आणि त्या घडणीच्या कामात हीच कुलपं राबत असतात. त्या वयात बाहेरची किल्ली वरचेवर फिरू लागली की मेंदू कुलपांची संख्या वाढवतो. मग किल्ली मिळाली नाही की ती सगळी कुलपं रिकामी राहतात. पोर चिडचिडं होतं, पुस्तकात लक्ष लागत नाही, झोप उडते. घरचे म्हणतात, परीक्षेचं टेन्शन आलंय.

या वाटेवर निसर्गाने एक राखणदार बसवला होता, ठसका. पहिली विडी ओढणारं पोर खोकून खोकून लाल होतं, आणि कित्येक पोरं तिथूनच परत फिरतात. तळहातावर तंबाखू मळताना चुना का घालतात? चुन्याने मिश्रण अल्कलीकडे झुकतं, निकोटिन मोकळं होतं आणि गालाच्या आतल्या कातडीतून झपाट्याने रक्तात शिरतं. पण हेच मोकळं निकोटिन जास्त प्रमाणात घशात ओढलं तर जाळतं. व्हेप म्हणजे ई-सिगारेट. ती बनवणाऱ्यांनी चुन्याच्या नेमकं उलट केलं. त्यांनी आम्ल घातलं. अमेरिकेत २०१५ साली बाजारात आलेल्या जूल नावाच्या व्हेपमध्ये बेंझोइक आम्ल होतं. लोणच्याच्या बाटलीवर जे सोडियम बेंझोएट लिहिलेलं असतं, त्याच्याच घरातलं. निकोटिनचा क्षार झाला आणि घशाची आग गेली. मात्रा मात्र पाच टक्क्यांपर्यंत चढली, आणि एका छोट्या कुपीतलं निकोटिन जवळपास वीस सिगारेटींच्या पाकिटाइतकं भरू लागलं. राखणदाराला झोपवून घर उघडं टाकल्यासारखंच हे. मला या सगळ्यात सर्वांत भीती वाटते ती याच गोष्टीची.

आणि व्हेपमधून ओढतात ती वाफ नसतेच. ग्लिसरीन आणि प्रॉपिलिन ग्लायकॉल तापलेल्या तारेवर उडून पुन्हा द्रवरूप होतात, त्यांच्या अतिसूक्ष्म थेंबांचा तो ढग असतो. कढईत तेल जळलं की डोळे चुरचुरतात ते ॲक्रोलीनमुळे. ग्लिसरीन फार तापलं की तेच बनतं. तारेतले निकेल, क्रोमियमसारखे धातूही थेंबांत उतरतात. आपलं फुप्फुस उलगडून पसरलं तर एखाद्या फ्लॅटएवढी जागा व्यापेल. तिथून निघालेलं निकोटिन दहा-वीस सेकंदांत मेंदूत पोचतं.

धोका वासातही आहे. अंबड-घनसावंगीकडची मोसंबी सोलताना सालीतून बारीक फवारा उडतो, त्यात लिमोनीन असतं. बाजारातल्या व्हेपच्या द्रवांतही फळांचे असेच वास भरलेले असतात. खायला चालतं ते ओढायलाही चालेल, असं वाटणं साहजिक आहे. पण पोटात गेलेलं यकृत गाळून घेतं, फुप्फुसाच्या मागे असं कोणी उभं नाही. मिसुरी राज्यातल्या एका पॉपकॉर्न कारखान्यात लोण्याच्या वासाचं डायअॅसिटिल हुंगत राहिलेल्या कामगारांच्या श्वासनलिकांची बारीक टोकं कायमची बुजली, हे २००० साली उघड झालं. तेच रसायन पुढे व्हेपच्या कित्येक द्रवांत सापडलं. २०१९ मध्ये अमेरिकेत व्हेपमुळे फुप्फुसं सुजण्याची साथ आली. फेब्रुवारी २०२० पर्यंत २,८०७ जण दवाखान्यात दाखल झाले, ६८ दगावले. बहुतेकांनी गांजाचा अर्क घातलेली द्रव्यं ओढली होती, आणि मुख्य संशय गेला तो त्यात घट्टपणासाठी मिसळलेल्या व्हिटॅमिन ई अॅसिटेटवर. गोळीतून निमूट पचणारं जीवनसत्त्व फुप्फुसात घातक ठरलं.

व्हेपचं हे यंत्र घडवलं ते हॉन लिक या चिनी औषधतज्ज्ञाने, २००३ मध्ये. हॉन स्वतः सिगारेट ओढत, आणि त्यांचे वडील फुप्फुसाच्या कर्करोगाने गेले. मोठ्यांची सुटका व्हावी म्हणून निघालेली वस्तू पोरांच्या दप्तरात पोचली: २०१९ साली अमेरिकेतल्या हायस्कूलमधली चारातली एकाहून जास्त मुलं ती ओढत होती.

भारताने त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये वटहुकूम काढला आणि डिसेंबरात कायदा केला. ई-सिगारेट बनवणं, आणणं, विकणं, साठवणं, जाहिरात करणं हे सगळं बंद. बनवणं, आणणं, विकणं किंवा जाहिरात करणं, यातल्या पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. तरीही चोरवाटेने ती येते, शहरांत आधी. मराठवाड्यात तंबाखूची ओळख घरातूनच होते. २०१६-१७ च्या पाहणीत महाराष्ट्रात दर चार प्रौढांमागे जवळपास एक जण धूर नसलेला तंबाखू वापरणारा निघाला. त्यामुळे जालन्यातल्या पोराच्या हाती उद्या व्हेप आलं, तर त्याच्या मेंदूतल्या कुलपांना निकोटिन नवं नसेलही. सोडायची इच्छा असेल त्याला १८००-११-२३५६ या सरकारी क्रमांकावर फुकट बोलता येतं, आणि फोन केलेला बरा.

सरकीवरचा रंग कशासाठी असतो ते एकदा पिशवी हातात धरून वाचा. औषध लावलेलं बी कुणी धान्य समजून खाऊ नये, गुराच्या आंबोणात मिसळू नये, म्हणून. तसं पिशवीवर छापलेलंही असतं. व्हेपचे रंगही तितकेच भडक. एखादं पेनड्राइव्हसारखं दिसतं, एखादं कंपासपेटीतल्या मार्करसारखं, आणि हुंगलं तर आंब्याचा वास येतो. पेरणीच्या दिवसांत आई सरकीची पिशवी धाकट्याचा हात पोचणार नाही अशा फळीवर ठेवते.