थेंबे थेंबे वीज साचे

९ ऑक्टोबर २०१९ रोजी ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलंड राज्याचे कोगन क्रीक वीजकेंद्र एकाएकी बंद पडले. ७४८ मेगावॅट वीज नाहीशी झाली. विजेची वारंवारता घसरताच दूरच्या दक्षिण ऑस्ट्रेलियातील शेकडो घरांच्या बॅटऱ्यांनी तत्क्षणी आपला साठा वाहिन्यांत सोडला व तोल सावरण्यास हातभार लावला.

गोव्याची वीज बहुतांशी बाहेरून येते. येथे अनेक घरांत इन्व्हर्टर आहेत. पण ते ज्याच्या त्याच्या घरापुरते. वाहिनीला वीज परत देण्याची सोय त्यांत नसते. तशी सोय असलेल्या बॅटऱ्या सौरछपरांबरोबर बसवून त्या एका सूत्रात गुंफण्याची योजना सरकारने आखावी. मात्र किती वीज द्यायची हे घरमालकाने ठरवावे व तिचा रास्त मोबदला त्याला मिळावा. सक्तीने सहकार उभा राहत नाही, असे आम्हांस वाटते.