चिमणीचा पाइप कुठून काढाल?

शेगडीमागची भिंत बाहेरची असेल तर पाइप सरळ तिच्यातूनच काढा. याहून चांगली वाट नाही. फोडणीचा धूर तेलकट. प्रत्येक वळणावर तो अडतो, घड्यांच्या लवचीक पाइपात तेल साचतं आणि पंखा नुसताच घोंघावतो. म्हणून आतून गुळगुळीत, पत्र्याचा पाइप घ्या. चिमणीचं तोंड ६ इंची असेल तर ४ इंची भोकात कोंबाकोंबी नको. काही कारागीर पाइप फॉल्स सीलिंगमध्ये सोडून मोकळे होतात; ते अजिबात चालवून घेऊ नका. बाहेर बारीक जाळी तेलाने तुंबते, त्यापेक्षा पाऊस आणि कबुतरं अडवणारी झडप बरी. भोक पाडताना कॉलम-बीमला हात लावू नका, आणि पाइपचं तोंड शेजाऱ्यांच्या खिडकीकडे करू नका.