जुन्या जीन्सची दोरी आणि दाण्याचं कूट

घरात पिल्लू आलं की खर्चाची यादी ठरलेली असते: लसी, जंतांचं औषध, महापालिकेचा परवाना, खाद्य, पट्टा. खेळणी या यादीत सहसा नसतातच. ती नंतर येतात आणि मग येतच राहतात. पुण्यातल्या पेट शॉपमध्ये दाबल्यावर चूं-चूं वाजणारं साधं खेळणं शे-दोनशे रुपयांना मिळतं, जाड रबराचं परदेशी खेळणं हजाराच्या आसपास किंवा पुढे जातं. वाजणारं खेळणं धडधाकट पिल्लू पहिल्याच संध्याकाळी फाडतं. महागडं फाटत नाही, पण चार दिवसांत सोफ्याखाली जाऊन पडतं. मग पुन्हा दुकान.

हा खर्च बराच कमी करता येतो, आणि त्यासाठी कुत्र्याच्या आनंदात काडीचीही काटकसर करावी लागत नाही. कुत्रा खेळण्यात काय शोधतो, एवढं मात्र आधी समजून घ्यायला हवं.

इंग्लंडमध्ये यावर नेमके प्रयोग झाले आहेत. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १७ कुत्र्यांपुढे तीन-तीन वस्तू ठेवल्या गेल्या. त्यातल्या दोन ओळखीच्या, एक नवी. ५० पैकी ३८ वेळा कुत्रा आधी नव्या वस्तूकडे गेला. पुढे जॉन ब्रॅडशॉ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १६ लॅब्रॅडॉर कुत्र्यांना एकच खेळणं थोड्या थोड्या वेळाने पुन्हा पुन्हा दिलं. कुत्र्यांचा रस झपाट्याने ओसरला. त्याच क्षणी दुसरं खेळणं समोर आलं, तेव्हा मात्र ती पुन्हा उत्साहाने तुटून पडली. नव्याची ओढ जबरदस्त, पण अल्पजीवी, असा या निष्कर्षांचा अर्थ. म्हणजे सोफ्याखाली पडलेलं खेळणं वाईट नव्हतं, ते जुनं झालं होतं इतकंच.

यातूनच पैसे वाचवण्याचा पहिला आणि सर्वांत सोपा मार्ग निघतो: असलेली सगळी खेळणी एकाच वेळी जमिनीवर ठेवायची नाहीत. दोन-तीन बाहेर, बाकीची झाकणाच्या डब्यात कपाटावर. आठवड्याने अदलाबदल. डब्यातून परत आलेलं खेळणं कुत्र्याला पूर्ण नवं वाटत नसेल, पण रोज डोळ्यांसमोर असलेल्यापेक्षा ते कितीतरी अधिक हवंसं वाटतं. बाहेर काढताना ते धान्याच्या पिशवीत घोळवलं किंवा मसाल्याच्या कपाटाशेजारी ठेवलं तर वासही बदलतो, आणि कुत्र्याच्या दृष्टीने वास बदलणं ही मोठी गोष्ट आहे.

टाकाऊतून खेळणं ही कल्पना पुण्याला नवी नाही. अरविंद गुप्ता हे आयआयटी कानपूरचे अभियंते टेल्कोत नोकरीला म्हणून या शहरात आले, १९७८ साली वर्षभराची रजा घेऊन मध्य प्रदेशातल्या होशंगाबादच्या विज्ञान शिक्षण प्रकल्पात गेले, आणि तिथून आगकाड्या व सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे जोडून भूमिती शिकवण्याची युक्ती घेऊन आले. पुढे विद्यापीठाच्या आवारातल्या आयुकामध्ये, मुक्तांगण विज्ञान शोधिकेत, त्यांनी शेकडो खेळणी कचऱ्यातून उभी केली. २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. ते सतत सांगत आले की मूल खेळणं मोडतं तेव्हाच ते शिकत असतं, म्हणून खेळणं मोडण्याची भीती वाटू नये इतकं स्वस्त असावं. हे त्यांनी मुलांबद्दल सांगितलं आहे. पण फाडण्यासाठीच जन्माला आलेल्या पिल्लाच्या मालकानेही ते जसंच्या तसं घ्यावं. मुक्तांगणची इमारत पु. ल. देशपांडे प्रतिष्ठानच्या देणगीतून उभी राहिली आहे, आणि ‘पाळीव प्राणी’ लिहिणाऱ्या पुलंचा हातभार अशा जागेला लागला याचं विशेष समाधान वाटतं.

फाडण्याची हौस भागवायला सर्वांत स्वस्त वस्तू म्हणजे पुठ्ठ्याचा खोका. आज प्रत्येक घरात ऑनलाइन मागवलेल्या सामानाचे खोके येतात. चिकटपट्टी आणि पिना काढून टाकायच्या, आत चुरगाळलेला कागद आणि खाऊचे चार दाणे घालायचे, खोका बंद करून द्यायचा. पंधरा-वीस मिनिटं कुत्रा त्यात गुंततो. पुठ्ठा गिळणाऱ्या कुत्र्याला मात्र हा खेळ देऊ नये.

ओढाओढीसाठी जुन्या जीन्स किंवा सुती टी-शर्ट. तीन लांब पट्ट्या कापून घट्ट वेणी घालायची, दोन्ही टोकांना गाठ मारायची. जीन्सची निळी वेणी इथे अनायासे फायद्याची ठरते. कुत्र्याला निळा आणि पिवळा रंग स्पष्ट दिसतो, लाल रंग त्याला मळकट तपकिरी-करडा भासतो. हिरवळीवर फेकलेला लाल चेंडू म्हणूनच कुत्रा डोळ्यांपेक्षा नाकाने जास्त शोधतो. वेणीसाठी कापड नसेल तर बोहरी आळीत दोरखंड वजनावर मिळतात. तिथे सुती दोरच मागावा. नायलॉनचे धागे पोटात गेले तर घातक, आणि काथ्या हिरड्यांना टोचतो.

दात येणाऱ्या पिल्लासाठी हीच वेणी पाण्यात भिजवून फ्रीझरमध्ये ठेवावी. पिल्लाला २८ दुधाचे दात असतात, ते चौथ्या महिन्यापासून पडू लागतात आणि सातव्या महिन्यापर्यंत ४२ पक्के दात येतात. या तीन महिन्यांत हिरड्या ठणकतात, त्यामुळे चपला, टेबलाचे पाय आणि चार्जरच्या वायरी धोक्यात येतात. गार वेणी किंवा गोठवलेलं मोठं गाजर हा त्यावरचा उतारा. पुण्याच्या एप्रिलमध्ये तर वाटीत पातळ ताक गोठवून दिलं की मोठं कुत्रंही खूश.

नाकाचे खेळ यापेक्षाही स्वस्त पडतात, कारण त्यांना जवळजवळ काहीच लागत नाही. कुत्र्याची घ्राणशक्ती माणसाच्या कितीतरी पट तीव्र आहे आणि वास घेत शोधाशोध केल्याने तो दमतो, तेही फ्लॅटच्या एका खोलीत. जुन्या गोधडीच्या घड्यांमध्ये भाकरीचे तुकडे लपवावेत. इडलीपात्राची एक थाळी जमिनीवर ठेवून खळग्यांत खाऊ घालावा आणि प्रत्येक खळग्यावर चेंडू ठेवावा. चेंडू नाकाने ढकलला की खाऊ. भोकं असलेल्या रबरी पायपुसण्याच्या भोकांतून जुन्या कापडाच्या पट्ट्या गाठी मारून ओवल्या की दुकानात महाग मिळणारी वास घेण्याची चटई तयार होते. पावसाळ्यात फिरणं हुकलेल्या कुत्र्यासाठी ही चटई फार मोलाची आहे.

पैसे खर्च करावेत असं एकच खेळणं आहे: आत पोकळी असलेलं जाड रबराचं, ज्यात खाऊ भरता येतो. त्याची कुळकथाही जुगाडाचीच आहे. सत्तरच्या दशकात अमेरिकेतल्या कोलोरॅडोमध्ये जो मार्कहॅम यांचा फ्रिट्झ हा जर्मन शेफर्ड दगड चावून चावून दात झिजवत होता. मार्कहॅम त्यांची फोक्सवॅगन व्हॅन दुरुस्त करत होते, तेव्हा सस्पेन्शनचा एक रबरी भाग फ्रिट्झने उचलला आणि तो सोडेना. त्यावरून ‘काँग’ हे खेळणं तयार झालं, १९७६ साली कंपनी निघाली. अशा एका खेळण्यावर खर्च केला तर ते वर्षानुवर्षं पुरतं. परदेशी जाहिराती त्यात पीनट बटर भरायला सांगतात. मराठी स्वयंपाकघरात दाण्याचं कूट असतंच. थोडं कूट, दही आणि मऊ भात एकत्र करून भरावं आणि गोठवावं. मीठ, साखर, तिखट काही नको, आणि कूट चमचाभरच, कारण तेल जास्त झालं तर पोट बिघडतं. कांदा, लसूण, द्राक्षं, बेदाणे आणि चॉकलेट कुत्र्याला विषारी आहेत. बिनसाखरेच्या काही पदार्थांतलं झायलिटॉलही तसंच, म्हणून तयार पीनट बटर घेतलंच तर डब्यावरचे घटक वाचावेत.

कारवान किंवा मुधोळ जातीचं कुत्रं, किंवा चपळ गावठी कुत्रं घरात असेल तर त्याला पळणाऱ्या वस्तूमागे धावायचं असतं. बुरूड आळीतून बांबूची एक काठी आणावी, गुळगुळीत घासून टोकाला दोरी बांधावी आणि दोरीला जुन्या कापडाची झिपरी. ही झिपरी जमिनीलगत फिरवली की कुत्रा मनसोक्त धावतो, मालक जागच्या जागी. झिपरी उंच उडवू नये; वाढत्या पिल्लाच्या सांध्यांना उड्या सोसत नाहीत.

मात्र काटकसर डोळे मिटून केली तर ती फार महाग पडते. आतड्यात अडकलेली वस्तू काढायची शस्त्रक्रिया हजारोंच्या घरात जाते आणि कधी कधी जीवही जातो. पुण्यात उन्हाळ्यात आंब्याची कोय आणि पावसाळ्यात मक्याच्या कणसाचं बुरकुंड कुत्र्यापुढे टाकलं जातं. दोन्ही आतड्यात घट्ट बसतात. शिजवलेलं हाड चावताना सुळ्यांसारखे तुकडे होतात. दोरीचा सुटलेला लांब धागा आतड्याला सुरकुत्या पाडत कापत जातो, म्हणून वेणी उसवायला लागली की फेकून द्यावी. नातवंडांचं जुनं भालू द्यायचं तर आधी त्याचे बटणाचे डोळे काढावेत, आत थर्माकोलचे मणी असतील तर ते देऊच नये.

टेकडीवर फिरणाऱ्यांसाठी खास सूचना. वेताळ टेकडी असो की तळजाई, वाटेवरची वाळकी काठी फेकणं हा फुकटचा खेळ वाटतो. काठीचं टोक टाळूत किंवा घशात घुसल्याच्या जखमा पशुवैद्यांना नेहमीच्या परिचयाच्या आहेत. शिवाय पुण्याच्या टेकड्यांवर गिरिपुष्पाची मोठी लागवड आहे, आणि या झाडाची साल व बिया मध्य अमेरिकेत उंदीर मारायला वापरतात. रस्त्याच्या दुभाजकांवरची कण्हेर तर पानापासून खोडापर्यंत विषारी. चेंडू घरून न्यावा. टेनिसचा चेंडू फेकायला उत्तम, पण रवंथ केल्यासारखा तासन्‌तास चावायला देऊ नये, कारण त्याची लव आणि लवेत अडकलेली माती दातांचा वरचा थर झिजवते. मोठ्या तोंडाच्या कुत्र्याच्या घशात तो अडकूही शकतो.

विकत घेताना दोन परीक्षा पुरेशा आहेत. खेळणं पूर्ण तोंडात मावता कामा नये. आणि अंगठ्याचं नख रोवून पाहावं. थोडंही दबत नसेल तर ते दात मोडण्याइतकं कठीण आहे. ही तपासणी स्वतःच करावी लागते. १ जानेवारी २०२१ पासून भारतात खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचं झालं, पण तो आदेश १४ वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांसाठी आहे. कुत्र्यांची खेळणी त्यात येत नाहीत, त्यामुळे पाकिटावरच्या ‘न तुटणारं’ या शब्दाच्या मागे कुठलीही सरकारी चाचणी नसते.

सोसायटीत चार-पाच कुत्री असतील तर खेळण्यांची देवाणघेवाण हा सर्वांत आनंदाचा मार्ग आहे. शेजारच्या कुत्र्याचं रबरी खेळणं म्हणजे नवी वस्तू आणि वर अनोळखी वासाची मेजवानी. देण्याआधी ते गरम पाण्यात साबणाने धुऊन कडक उन्हात वाळवावं. लसीकरण पूर्ण न झालेल्या पिल्लाला या देवाणघेवाणीतून वगळावं, कारण पार्व्होचा विषाणू वस्तूंवर महिनोन्‌महिने तग धरतो आणि साध्या साबणाने मरत नाही. शेवटची लस झाल्यावर किती दिवसांनी पिल्लाने इतरांत मिसळावं हे आपल्या पशुवैद्यांना विचारावं. तोवर त्याला पुठ्ठ्याचे खोके भरपूर आहेत.