कोंबडीचे वजन, आहार आणि अंडी

अंडी कमी झाली की दाणा वाढवावा, अशी पुष्कळ कोंबडीपालकांची समजूत असते. ती नेहमीच खरी ठरत नाही. खाद्यावर होणारा खर्च हा या धंद्यातील सर्वांत मोठा खर्च होय. म्हणून ही समजूत तपासून पाहणे अगत्याचे आहे.

कोंबडी जे खाते त्याचा विनियोग प्रथम शरीराची ऊब राखणे, हालचाल करणे व झीज भरून काढणे यांकडे होतो. उरलेल्या अंशातूनच अंडे तयार होते. देह जितका जड, तितका हा पहिला खर्च अधिक. व्हाइट लेगहॉर्न जातीची पूर्ण वाढलेली कोंबडी सुमारे दीड ते पावणेदोन किलोग्रॅम भरते आणि दिवसाला सुमारे १०० ते ११० ग्रॅम खाद्य खाते.

तलंगा साधारणतः १८ ते २० आठवड्यांच्या झाल्या म्हणजे अंड्यावर येतात. त्या वेळी वजन कमी असल्यास अंडी उशिरा सुरू होतात, लहान पडतात आणि शरीरात साठा नसल्यामुळे पुढे लवकर घटतात. उलट, अतिलठ्ठ कोंबडीच्या पोटात व यकृतात चरबी साठते आणि अंडी कमी होतात.

नुसता मका दिल्याने हाच दोष उद्भवतो. मक्यात प्रथिने शेकडा सुमारे ९ असतात. अंड्यावरील कोंबडीच्या खाद्यात ती शेकडा १६ ते १८ असावी लागतात. यास्तव मक्याबरोबर पेंड द्यावी लागते. एका अंड्याच्या कवचात सुमारे २ ग्रॅम कॅल्शियम असते. ते आहारातून न मिळाल्यास कोंबडीच्या हाडांतून घेतले जाते व हाडे ठिसूळ होतात. कवच बहुतांशी रात्री तयार होत असल्याने शिंपल्यांचा चुरा दुपारनंतर देणे हितकर असते. उन्हाळ्यात कोंबडी कमी खाते. तेव्हा खाद्य पहाटे व सायंकाळी द्यावे.

खाद्यात बदल करण्यापूर्वी कळपातील काही कोंबड्या दर आठवड्याला ठराविक वेळी, खाद्य घालण्यापूर्वी, एकेक करून तोलाव्यात. अंडी व वजन दोन्ही घटत असतील, तर आहार अपुरा पडत आहे किंवा रोग जडला आहे, असे समजावे. वजन वाढत असून अंडी घटत असतील, तर दाणा वाढविणे व्यर्थ होय. तेथे प्रथिने, प्रकाश व पीसगळ यांचा विचार करावा. हा निर्णय अंदाजाने न करता तराजूने करावा.