फाटकाशी रडणारं मूल



जून अर्धा सरला की आमच्या गल्लीत सकाळी दोन आवाज एकदमच सुरू होतात. एक पावसाचा आणि दुसरा बालवर्गाच्या फाटकाशी चाललेल्या रडण्याचा. आम्ही भाईंदर आणि मीरा रोडच्या बालवाड्यांत वर्षानुवर्षं काम केलेल्या बायका. पावसाचं आम्हाला काही करता आलं नाही, पण रडण्याविषयी थोडंफार कळत गेलं. काही गोष्टी तर आम्ही स्वतः चुकल्यावरच कळल्या. आज त्याच सांगायच्या आहेत.

आमची सगळ्यात मोठी चूक आधी सांगतो. फाटकात आई आली, मूल तिच्या कमरेला घट्ट चिकटलेलं, आईची नजर घड्याळावर. मग आमच्यातलीच कोणीतरी पुढे व्हायची. "ते बघ, झाडावर कावळा!" म्हणायची आणि डोळ्याने आईला खुणवायची, की जा तू आता. मुलाने कावळा बघायला मान वळवली की आई जिना उतरून गेलेली. आम्हाला वाटायचं, किती छान जमलं! मूल मात्र मागे वळून बघायचं आणि मग जे रडायचं, त्याला दहा कावळे पुरे पडायचे नाहीत.

आता मुलाच्या जागी उभं राहून बघा. आधी ते रडत होतं, कारण आई जाणार होती. आता ते रडतंय, कारण आपण जरा नजर काढली की आई नाहीशी होते असं त्याला कळलंय. पहिलं दुःख दोन-चार दिवसांचं असतं, दुसरी भीती घरापर्यंत येते. मग तेच मूल आईच्या मागे मागे स्वयंपाकघरात फिरतं, मोरीच्या दाराबाहेर बसून राहतं, रात्री झोपेत हात लावून बघतं. आई आमच्याकडे तक्रार घेऊन यायची, "बाई, शाळेत घातल्यापासून हा जास्तच चिकटखोर झाला हो." दोष शाळेत घालण्याचा नव्हता. तो कावळ्याचा होता.

म्हणून पहिली गोष्ट ही, की निघताना मुलाला सांगून निघा. ते रडेल तरी सांगा. पण छोटं सांगा. "मी आता कामाला जाते. तुझा डबा खाऊन झाला, गाणी झाली, मग घसरगुंडी झाली की आजी न्यायला येईल." एक पापा, एक टाटा, आणि पाऊल बाहेर. फाटकाबाहेर गेल्यावर खिडकीतून डोकावायला परत यायचं नाही. तो मोह आम्हाला माहीत आहे. खिडकीत आईचं तोंड दिसलं की शांत होत आलेलं मूल पुन्हा पहिल्यापासून सुरू करतं.

या वाक्यात "साडेअकराला" असं आम्ही म्हटलं नाही, ते लक्षात आलं का? तीन वर्षांच्या मुलाला साडेअकरा म्हणजे काय ते ठाऊक नसतं. त्याचं घड्याळ डबा, गाणी, घसरगुंडी असं चालतं. टीचरला आधीच विचारून ठेवा, की दिवसभरात कशानंतर काय असतं, आणि तोच क्रम घरी दोन-चार दिवस गोष्टीसारखा सांगा. आणि आजी येणार असेल तर आजीच म्हणा. रडू थांबावं म्हणून "मीच येते" म्हणालात आणि दाराशी आजी उभी राहिली, तर आजीचा काही दोष नसताना तिला बिचारीला त्या दिवशी मार खावा लागतो.

यावर कोणी म्हणेल, आमचा मुलगा तर मुळीच रडत नाही, पहिल्या दिवसापासून गप्प बसतो. छान आहे, पण जरा थांबा. इंग्लंडमध्ये जेम्स रॉबर्टसन नावाच्या कार्यकर्त्याने १९५२ साली एक चित्रफीत केली. आठ दिवस इस्पितळात आईवडिलांपासून दूर राहिलेल्या दोन वर्षांच्या मुलीची ती होती. त्या काळी तिथल्या इस्पितळांत आईला मुलाजवळ राहू देत नसत आणि मुलं "रुळतात" असं डॉक्टर म्हणत. ही मुलगी फारशी रडत नव्हती. पण चित्रफितीत दिसलं ते असं, की ती रुळली नव्हती, तिने आपलं रडू दाबून धरलं होतं. पुढे हळूहळू इस्पितळांना आपले नियम बदलावे लागले. बालवर्गाचे तीन तास म्हणजे काही इस्पितळातले आठ दिवस नव्हेत, हे आम्हाला कळतं. पण गप्प मूल म्हणजे रुळलेलं मूल, असं आम्ही तेव्हापासून धरत नाही. ते खेळतं का, डबा खातं का, कोणाला हाक मारतं का, हे विचारतो. सगळा वेळ दप्तर छातीशी धरून कोपऱ्यात बसणाऱ्या मुलाला रडणाऱ्यापेक्षा जास्त जवळ घ्यावं लागतं.

या सगळ्याचं उत्तर फार लांब शोधायला नको. आपल्याच पश्चिम रेल्वेने विरारच्या पुढे जा, डहाणू मागे टाका, घोलवडला उतरा, की जवळच बोर्डी आहे. १९४५ साली ताराबाई मोडकांनी तिथे ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केलं आणि अनुताई वाघ त्यांच्या मदतीला आल्या. बालवाडी उघडली, पण वस्तीतली मुलं तिथे येईनात. ताराबाईंनी आईबापांना दोष दिला नाही. खेळणी आणि साहित्य उचललं आणि बालवाडीच वस्तीतल्या अंगणात नेली. त्यातूनच अंगणवाडी आली. पुढे १९५७ मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. तिथली मुलं गुरं चारायला जात, तर शाळाही त्यांच्या मागे कुरणात गेली आणि तिला कुरणशाळा म्हणू लागले. सरकारने १९७५ साली एकात्मिक बालविकास योजना काढली तेव्हा अंगणवाडी हा शब्द देशभर गेला. आज तुमच्या गल्लीतल्या अंगणवाडीच्या पाटीवर तो रंगवलेला असतो, पण त्यातलं अंगण कोणाला आठवत नाही.

त्या दोघींनी अंगणात काय केलं? मूल आपल्या घरासमोर होतं, आई नजरेच्या टप्प्यात होती, आणि नवीन होत्या त्या फक्त बाई. एका वेळी एकच गोष्ट नवीन. आपल्या मुलाला आपण एकाच सकाळी नवी इमारत, नवी बाई, नवे बूट, नवी भाषा, चाळीस नवी पोरं आणि वर रेनकोट असं सगळं देतो, आणि मग म्हणतो, हा रडतो का?

म्हणून शाळा उघडायच्या आधी चार-पाच संध्याकाळी शाळेपर्यंत नुसतं चालत जा. फाटक बघा, वॉचमन काकांना नमस्कार करा, परत या. रेनकोट घरात घालून नाचू द्या. डबा आणि पाण्याची बाटली मुलाला स्वतः उघडता येते का ते बघा. घट्ट झाकणाच्या सुंदर डब्यापायी उपाशी राहिलेली मुलं आम्ही पुष्कळ पाहिली आहेत. पँट इलास्टिकची घ्या, बटणाची नको.

शूचं जरा सविस्तर सांगतो, कारण यात मुलांचे फार हाल होतात आणि घरी कोणाला पत्ता नसतो. आपल्या मीरा-भाईंदरमध्ये एका वर्गात मराठी, गुजराती, मारवाडी, हिंदी, उर्दू, कोकणी, मल्याळम असं सगळं घरून आलेलं असतं आणि बाई बोलतात इंग्रजी. आमच्याकडे एक मुलगी होती, घरी बडबडी, वर्गात मुकी. रोज घरी जाताना चड्डी ओली. घरचे रागावत, की इतकी मोठी झाली तरी कळत नाही का. तिला कळत होतं. ती रोज "शी-शू, शी-शू" म्हणत होती आणि त्या वर्षी नव्या आलेल्या बाईंना, ज्यांना मराठी येत नव्हतं, वाटत होतं ती गाणं म्हणते आहे! शेवटी मावशींनी ऐकलं आणि उलगडा झाला. तेव्हा आपल्या घरात शूला काय म्हणतात ते पहिल्याच दिवशी टीचरला आणि मावशींनाही सांगा. मुलाला शाळेतलं संडासही एकदा दाखवून आणा. घरी कमोड असलेलं मूल भारतीय बैठकीच्या भांड्याला घाबरतं, आणि उलटंही होतं. मावशींशी ओळख करून घेणं आम्ही मुख्याध्यापिकेच्या ओळखीपेक्षा महत्त्वाचं मानतो. चड्डी बदलायला मुख्याध्यापिका येत नाहीत.

आणि कृपा करून या महिन्यात मुलाशी घरी इंग्रजी बोलायला लागू नका. दिवसभर त्याच्या कानावर परकी भाषा पडते. घरी आल्यावर त्याला आपली भाषा मिळू द्या.

आता मुख्य अडचण. जर्मनीत लहान मुलांच्या पाळणाघरांत रुळवण्याची एक पद्धत आहे, तिला बर्लिनची पद्धत म्हणतात. पहिले तीन दिवस आई किंवा बाबा मुलासोबत तिथेच बसतात. चौथ्या दिवशी सांगून थोडाच वेळ बाहेर जातात आणि मूल कसं वागतं ते बघून पुढचं ठरतं. वाचायला फार छान. पण भाईंदरहून लेडीज स्पेशल पकडणाऱ्या बाईने एवढी रजा कुठून आणायची? तिने लोकल चुकवली तर तिकडे हजेरीला लाल रेघ. सांगून निघायला दोन मिनिटं लागतात आणि नेमकी तीच तिच्याकडे नसतात. म्हणूनच कावळा दाखवावा लागतो, हे आम्हाला समजतं.

तर तीन दिवस बसणं जमत नसेल, तरी त्यातलं काही उचलता येतं. पहिल्या आठवड्यात मुलाला अर्धाच वेळ ठेवता येईल का, हे शाळेला विचारा, बऱ्याच शाळा ऐकतात. पोचवायला रोज एकच माणूस असावा, मग तो बाबा असो, आजोबा असो की शेजारची काकू. आणि घरून दहा मिनिटं लवकर निघा. आई गडबडीत असली की मुलाला वाटतं, नक्कीच काहीतरी भिण्यासारखं आहे. आईच्या जुन्या ओढणीचा एक तुकडा खिशात दिला तरी चालतो. काही शाळा "असलं काही आणू नका" म्हणतात. आमच्या मते ते चूक आहे. महिनाभराने तुकडा आपोआप घरी विसरला जातो.

उत्तनच्या कोळीवाड्यातल्या मैत्रिणींना एक वेगळी गोष्ट सांगायची आहे. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत मासेमारी बंद, त्यामुळे शाळा सुरू होते तेव्हा बाबा घरी असतो. खांद्यावर बसवून पोराला शाळेत नेतो, पोर मजेत जातं. सगळे म्हणतात, आमचं किती लवकर रुळलं! ऑगस्टमध्ये होड्या समुद्रात जातात, बाबा काही दिवस दिसेनासा होतो, आई पाटी घेऊन बाजारात, आणि पोर पुन्हा फाटकाशी आडवं पडतं. घरात त्याला "नाटकं" म्हणतात. ती नाटकं नाहीत, त्याच्यासाठी शाळा आता कुठे सुरू होते आहे. जुलैच्या शेवटच्या आठवड्यातच पोचवणारा माणूस हळूहळू बदला, म्हणजे बाबा आणि शाळेची सवय एकाच दिवशी सुटणार नाही. हेच गणेशोत्सवाच्या सुट्टीनंतर, दिवाळीनंतर आणि मोठ्या आजारपणानंतर होतं. दोन-तीन दिवस पहिल्यासारखंच वागायचं, मूल पुन्हा वळणावर येतं.

साधारण रडणं दोन-चार आठवड्यांत ओसरतं, आणि दिवसाच्या आतही आई गेल्यावर थोड्या वेळाने थांबतं. पण एक बोलायलाच हवं. आधी नीट जाणारं मूल अचानक जायला नको म्हणालं, एका विशिष्ट माणसाचं, व्हॅनचं किंवा संडासाचं नाव काढताच थिजलं, लघवीच्या जागी दुखतं म्हणालं, तर ते रुळण्याचं रडणं समजू नका. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरची बातमी आली, तेव्हा आपल्या ठाणे जिल्ह्यातल्या प्रत्येक आईच्या पोटात गोळा आला होता. त्यानंतर आमच्याकडे कितीतरी जणी विचारायला आल्या, की कसं ओळखायचं? एकच खूण सांगता येत नाही. पण मूल जे सांगतं ते आधी खरं धरा, त्याला दहा वेळा उलटसुलट विचारू नका, डॉक्टरांना दाखवा, आणि १०९८ हा मुलांसाठीचा मोफत नंबर घरात लिहून ठेवा. शाळेचं नाव खराब होईल, लोक काय म्हणतील, हा विचार त्या वेळी करायचा नाही.

राहिली शाळा सुटायची वेळ. सकाळच्या निरोपावर सगळे बोलतात, याच्यावर कोणी बोलत नाही. सुटण्याच्या आधी पाच मिनिटं फाटकाशी उभे राहा. आम्ही शेवटच्या मुलासोबत किती दुपारी बसलो आहोत! एकेक मूल हाक मारल्यावर पळत जातं, बाकडं रिकामं होत जातं, आणि एक जण दप्तर पाठीला लावून दाराकडे बघत राहतो. दहाच मिनिटांचा उशीर असतो, रिक्षा मिळाली नाही, फाटकात गाडी अडकली. पण सकाळी दिलेला शब्द त्याने दिवसभर धरून ठेवलेला असतो. उशीर होणार असेल तर शाळेत फोन करा, आणि निरोप बाईंना देऊन थांबू नका. "त्यालाही सांगा" म्हणा. "आजी रिक्षात बसली आहे, येतेच आहे" एवढं कानावर पडलं तरी तो दप्तर उतरवतो आणि पुन्हा ठोकळे मांडायला बसतो.

घरी येताना "आज काय शिकवलं?" विचारू नका. भूक लागलेली असते, पायात ओले मोजे असतात. आधी मोजे काढा, वरणभात द्या. संध्याकाळी भांडी घासताना किंवा मटार सोलताना ते स्वतःहून सांगायला लागतं, की आज एका मुलाने माझा खाऊ खाल्ला आणि मी त्याचा.